पुढे उजेड, मागे अंधार

जानेवारीत सकाळी नऊ वाजता लखनौच्या शहीद पथावर भरपूर उजेड असतो आणि तरीही समोरचे काही दिसत नाही. आभाळ पांढरेफटक, रस्त्यावर दुधाळ प्रकाश आणि पन्नास पावलांवरची रोडवेजची बस गायब. रात्री दिवे लावा, असे कोणाला सांगावे लागत नाही. न लावले तर आपल्यालाच रस्ता दिसत नाही. धुक्यातल्या दिवसाची गोष्ट वेगळी आहे. तिथे दिवा लावला काय, न लावला काय, चालकाला स्वतःला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो त्याच्या मागून येणाऱ्याला.

वाहनाच्या दिव्यांचे सगळे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते. दिव्याची कामे दोन: चालकाला रस्ता दाखवणे आणि इतरांना वाहन दाखवणे. पहिले काम मुख्यतः हेडलाइट करतो. टेललाइट, पार्किंग लाइट, ब्रेक लाइट, इंडिकेटर, मागचा लाल फॉग लॅम्प, रिफ्लेक्टर आणि अलीकडे आलेले डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप पेटणारे दिवे, ही बाकीची फौज दुसऱ्यांसाठी आहे. चालकाच्या जागेवरून यातला जवळजवळ एकही दिवा दिसत नाही. म्हणूनच त्यातला एखादा बंद पडला किंवा लावायचाच राहिला, तर ते सर्वांत शेवटी कळते ते चालकाला.

धुक्याचे माहेर

पंजाबपासून बिहारपर्यंत पसरलेल्या सिंधू-गंगेच्या मैदानात डिसेंबर-जानेवारीत धुके मुक्कामाला येते. गव्हाला पाणी दिलेली ओली शेते, पश्चिमेकडून येणाऱ्या हवामान-प्रणालींनी आणलेला ओलावा, पडलेला वारा आणि लांब, थंड रात्री असे सगळे एकत्र जमते. जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते, आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. खालचा धूर आणि धूळ त्या झाकणाखाली कोंडून राहतात. त्या कणांवर पाणी जमते आणि धुके दाट होते. हे धुके नेमके कधी जमते, कधी विरते, याचा अभ्यास पुण्यातल्या पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था २०१५ च्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर उपकरणे मांडून करते आहे.

हवामान खात्याच्या हिशेबात दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली की धुके, दोनशे मीटरच्या खाली गेली की दाट धुके आणि पन्नास मीटरच्या खाली गेली की अतिदाट. लखनौला हे तिन्ही प्रकार एकाच सकाळी अनुभवता येतात. गोमतीच्या पुलावर एक, गोमतीनगरात दुसरा, शहराबाहेर शेतांमधून जाताना तिसरा.

त्यात लखनौ आता एक्स्प्रेसवेंचे शहर झाले आहे. पश्चिमेला ३०२ किलोमीटरचा आग्रा-लखनौ एक्स्प्रेसवे २०१६ च्या नोव्हेंबरात खुला झाला. त्याच्या उद्घाटनाला हवाई दलाची लढाऊ विमाने रस्त्यावर उतरली होती. पूर्वेला चाँद सरायपासून निघणारा सुमारे ३४० किलोमीटरचा पूर्वांचल एक्स्प्रेसवे २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. रस्ता सरळ, रुंद, गुळगुळीत. पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो.

आता साधे गणित करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल, तर त्यानंतर थांबायला आणखी ४० मीटर लागतात. एकूण सत्तरच्या पुढे. दिसते आहे पन्नास मीटर. म्हणजे समोर उभा ट्रक दिसला त्या क्षणीच धडक ठरलेली असते. पुढचे फक्त तपशील. ताशी ४० ने तोच हिशेब २७ मीटरमध्ये आटपतो.

या हिशेबात एक गोष्ट मात्र बदलता येते: 'दिसते आहे पन्नास मीटर' हा आकडा. धुक्यात काळपट ट्रकचा मागचा भाग जितक्या अंतरावरून दिसतो, त्याहून बऱ्याच लांबून पेटलेला लाल दिवा दिसतो. तो दिवा विझलेला असला की मागच्या चालकाच्या हातातले ते जास्तीचे मीटर आपण काढून घेतलेले असतात.

केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली २२,५९५ उत्तर प्रदेशातली, सर्व राज्यांत सर्वाधिक. धुक्याच्या हवेत झालेल्या अपघातांतले मृत्यू देशभरात साडेचौदा हजारांच्या घरात होते. २०१७ च्या नोव्हेंबरात यमुना एक्स्प्रेसवेवर दाट धुरक्यात गाड्या एकामागून एक आदळत गेल्या, त्या चित्रफिती अनेकांनी पाहिल्या असतील. धुक्यातल्या अशा साखळीत पहिली धडक कशीही होवो, पुढच्या धडका मागून होतात.

दिवसाढवळ्या दिवे कशाला?

दिवसा दिवे लावण्याची चाल उत्तर युरोपातली. तिकडे हिवाळ्यात सूर्य दिवसभर क्षितिजाला टेकून असतो, डोळ्यांवर येतो, सावल्या लांबलचक पडतात. फिनलंडने १९७२ मध्ये शहराबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यापुरती सक्ती केली, स्वीडनने १९७७ मध्ये वर्षभराची. पाठोपाठ नॉर्वे आणि डेन्मार्क आले. कॅनडाने डिसेंबर १९८९ पासून नव्या गाड्यांना डीआरएल सक्तीचे केले. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून मोटारींच्या नव्या मॉडेलांना ते लागू केले. ऑस्ट्रियाने मात्र २००५ मध्ये दिवसा दिवे लावण्याचा नियम केला आणि २००८ मध्ये मागे घेतला. सगळ्या मोटारी चमकू लागल्या तर बिनदिव्याचा सायकलवाला आणि पादचारी आणखी फिके पडतील, ही तिथली एक तक्रार होती. लखनौच्या चौकात पायरिक्षा, सायकल, हातगाडी आणि ई-रिक्षा शेजारी शेजारी पाहिल्या की या तक्रारीत तथ्य वाटते.

तरी दिवसाच्या दिव्याचा उपयोग खरा आहे. आपला डोळा कडेने येणारी वस्तू ओळखताना तिचा आकार नीट पाहत नाही. भोवतालच्या मानाने उजळ आणि हलणारे काय आहे, ते टिपतो. समोरून येणारी दुचाकी म्हणजे एक उभी, अरुंद रेघ. झाडांच्या सावलीत ती हरवते, आणि ती किती वेगाने जवळ येते आहे याचा अंदाज तर हमखास चुकतो. तिच्या कपाळावर दिवा असला की नजर आधी तिकडे जाते.

म्हणूनच आपल्याकडे सुरुवात दुचाकींपासून झाली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीच्या शिफारशीनंतर १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच पेटू लागला आणि त्याचे बटणच गेले. त्या वर्षी समोरून येणारा प्रत्येक परोपकारी माणूस हाताची मूठ उघडझाप करून 'लाइट चालू आहे' असे सांगत होता, हे पुणेकरांनाही आठवत असेल आणि लखनौकरांनाही. २०२२ च्या मृतांमध्ये ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते हे पाहिले, तर हा निर्णय आधी त्यांच्यासाठी का घेतला गेला हे कळते. मोटारींना अशी सक्ती आपल्याकडे झाली नाही. पण परदेशी मॉडेलांबरोबर डीआरएल आले, लोकांना त्यांची ऐट आवडली, आणि आता मधल्या किमतीच्या गाडीच्या जाहिरातीतही भुवईसारखी पांढरी पट्टी चमकते.

डीआरएलचा सापळा

ऐट ठीक आहे. पण ही पट्टी करते काय? आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका डीआरएलची तीव्रता ४०० ते १,२०० कँडेला असते. गाडीच्या सगळ्या हाय बीमची मिळून परवानगीची कमाल मर्यादा ४,३०,००० कँडेला आहे. यावरून ध्यानात येईल की डीआरएल रस्ता उजळायला बनवलेलाच नाही. तो फक्त समोरच्याला सांगतो, 'मी आहे.' वीज थोडी खातो, आणि हेडलाइट लावला की नियमाप्रमाणे आपोआप विझतो किंवा मंद होऊन पार्किंग लाइटचे काम करतो.

खोच पुढे आहे. बहुतेक गाड्यांत डीआरएल पेटले तरी मागचे टेललाइट पेटत नाहीत. युरोपीय नियमांतही ते पेटलेच पाहिजेत असे बंधन नाही. कारण सरळ आहे: ही योजना लख्ख दिवसासाठी आहे, आणि लख्ख दिवसा मागून गाडी तशीही दिसते.

आता लखनौची सकाळ घ्या. चालक गॅरेजमधून गाडी काढतो. समोरच्या भिंतीवर डीआरएलची पांढरी झाक पडलेली दिसते. डॅशबोर्ड झगझगीत असतो. पूर्वीच्या गाड्यांत दिवे लावल्याशिवाय काटे उजळत नसत, आणि काळोखा डॅशबोर्ड हीच आठवण असे. आता पडदा चोवीस तास उजळलेला. चालकाला वाटते, दिवे चालू आहेत. तो कामता चौकातून अयोध्येच्या रस्त्याला लागतो तो पुढून उजळून आणि मागून काळाठिक्कर.

'पण माझी गाडी ऑटोवर आहे,' असे काही जण म्हणतील. ऑटो ही सोय काचेवरच्या प्रकाशमापकावर चालते. आंतरराष्ट्रीय नियमांत स्वयंचलित हेडलाइटसाठी ठरलेली मर्यादा अशी: बाहेरचा उजेड १,००० लक्सच्या खाली गेला की दिवे पेटलेच पाहिजेत, ७,००० च्या वर गेला की विझलेच पाहिजेत, आणि मधले गाडी बनवणाऱ्यावर सोडलेले. धुक्यातल्या सकाळी नऊ वाजता हजारो लक्स उजेड सहज असतो. यंत्र उजेड मोजते. समोरचे किती लांबचे दिसते हे त्याला मोजता येत नाही. त्याच्या लेखी दिवस उगवलेला आहे. तेव्हा दिवे विझलेले ठेवण्यात ते चूक काहीच करत नाही. चूक त्याच्यावर विसंबणाऱ्याची.

कॅनडाने हा प्रश्न गाडी बनवणाऱ्यांच्या गळ्यात घातला. तिथे मागून अदृश्य असलेल्या अशा मोटारींना भुताच्या गाड्या म्हणू लागले होते. सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या नव्या गाड्यांना तीन पर्याय दिले गेले. डीआरएलबरोबर टेललाइटही पेटवा. नाहीतर उजेड कमी होताच सगळे दिवे आपोआप लावा. नाहीतर चालकाने दिवे लावेपर्यंत डॅशबोर्ड काळोखा ठेवा. तिसरा पर्याय म्हणजे जुन्या गाड्यांची ती आठवणच परत आणणे. पहिला पर्याय मात्र साधा आणि धुक्यातही चालणारा, कारण त्यात उजेड मोजण्याची भानगडच नाही. आपल्याकडे वाहनांची एआयएस मानके पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतून प्रसिद्ध होतात. दिवे गाडीवर कसे बसवावेत याचे मानक एआयएस-००८ हेच. तिथे एवढी एक ओळ सक्तीची झाली, तर उत्तरेतले कित्येक हिवाळे सुधारतील.

चारबागला बघण्यासारखे

मागच्या दिव्याची किंमत ओळखणारे एक खाते लखनौतच आहे. चारबाग स्थानकातून सुटणाऱ्या गाडीचा शेवटचा डबा पाहा. पाठीवर मोठी पिवळी फुली असते आणि रात्री तांबडा दिवा लुकलुकतो. गाडी स्थानकातून पुढे गेली की रेल्वेचा माणूस तो दिवा आहे ना, हे पाहतो. असेल तर गाडी पूर्ण गेली. नसेल तर एखादा डबा मागे सुटून रुळावर उभा असू शकतो, म्हणून पुढची गाडी सोडण्याआधी चौकशी होते. रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था आरडीएसओ लखनौच्या मानकनगरात आहे, आणि या लुकलुकत्या दिव्याचाही मानक-आराखडा तिच्याकडेच आहे. रेल्वेला मागचा दिवा म्हणजे कायदेशीर साक्षीदार. रस्त्यावर मात्र ट्रकच्या मागे काच फुटलेला, चिखलाने माखलेला टेललाइट वर्षानुवर्षे तसाच फिरतो.

ऊसवाहतुकीत हे सर्वांत भीषण होते. पश्चिम आणि मध्य उत्तर प्रदेशात ऊसहंगाम आणि धुके एकाच वेळी येतात. ट्रॅक्टरमागची ट्रॉली उसाने अशी फुगलेली असते की तिचे दिवे असलेच तरी वाड्याखाली झाकून जातात. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे चित्र सांगायला नको. तिकडे धुके कमी, पण अंधाऱ्या रस्त्यावर ट्रॉलीची आडवी भिंत तीच. यावर महागडे काही लागत नाही. उसाच्या भाराबाहेर लोंबेल अशी लाल रिफ्लेक्टर-पट्टी बांधली, तरी मागच्या गाडीच्या दिव्यात ती लांबून पेटल्यासारखी दिसते. मोठ्या वाहनांना नियमाने पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल पट्टी लागते. रंगांची ही वाटणी अशासाठी की अंधारात पट्टी दिसताच वाहनाचे तोंड कुठे आणि पाठ कुठे हे कळावे.

धुक्यात कोणता दिवा लावायचा

दिसत नाही म्हटल्यावर हात आपोआप हाय बीमकडे जातो, आणि तिथेच घात होतो. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. हाय बीमचा झोत चालकाच्या नजरेच्या रेषेतच पुढे जातो, थेंबांवर आदळून विखुरतो आणि त्यातला बराच उजेड परत डोळ्यांत येतो. समोर चुन्याची भिंत उभी राहते. लो बीम खाली झुकलेला असल्याने डोळ्यांकडे कमी परततो. फॉग लॅम्प त्याहून खाली, बंपरपाशी, आणि त्याचा झोत रुंद, वरून सपाट कापलेला. जमिनीलगत पसरून तो रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दाखवतो, आणि चालकाला गरज तेवढ्याचीच असते.

पिवळा फॉग लॅम्प धुके भेदतो हा समज घट्ट आहे. आकाश निळे दिसते ते हवेच्या रेणूंमुळे, आणि ते निळा प्रकाश जास्त विखुरतात हे खरे. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे; ते सगळ्या रंगांना जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून तर धुके पांढरे दिसते. पिवळा काहींच्या डोळ्यांना सुसह्य वाटतो, एवढेच. खरी करामत दिव्याच्या उंचीची आणि झोताच्या आकाराची.

मागचा लाल फॉग लॅम्प मात्र दाट धुक्यात सोन्याच्या मोलाचा. टेललाइटची तीव्रता फार तर पंधरा-सतरा कँडेला. मागचा फॉग लॅम्प दीडशे ते तीनशे. म्हणूनच धुके विरले की तो विझवायचा. नाहीतर त्याच्या लाल भडक्यात ब्रेक लाइट ओळखू येत नाही आणि मागच्याचे डोळेही दिपतात.

आणि चारही इंडिकेटर? धुक्यात किंवा पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवणे हा आपल्याकडचा जवळजवळ राष्ट्रीय रिवाज झाला आहे. त्याचा अर्थ 'मी थांबलो आहे, सांभाळा' असा असायला हवा. सगळेच चालताना ते लावू लागले, तर खरोखर थांबलेला कोणता हे कसे ओळखायचे? शिवाय वळायचे असेल तेव्हा डावे-उजवे सांगायला इंडिकेटर उरतच नाही. चौकातून सरळ जायचे म्हणून चारही लावणारे तर लखनौतही भेटतात आणि नाशिकलाही. सरळ जाण्यासाठी कोणताच दिवा लावायचा नसतो.

डोळ्यांवर येणारा उजेड

आपण दिसावे यासाठी दिवा. पण अति झाला तर त्याच दिव्याने समोरचा आंधळा होतो. ट्रकच्या पाठीवरचे 'रात्री डिपर वापरा' हे वाक्य आपल्याकडचे सर्वांत जास्त वाचले गेलेले रस्ता-सुरक्षा साहित्य असावे. टाटा मोटर्सने, ज्यांचा ट्रक-कारखाना लखनौच्या चिनहटजवळ आहे, २०१६ मध्ये ट्रकचालकांसाठी काढलेल्या निरोधालाही 'डिपर' हेच नाव दिले होते. वाक्य इतके घरचे झाले, की पाळायचे मात्र राहून गेले.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत याची मोजपट्टी दिली आहे. दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कोणाचा डोळा असेल, तर त्याला धोकादायक झळाळी लागता कामा नये. ही जागा म्हणजे साधारण समोरून येणाऱ्या चालकाचे डोके. डावीकडून गाडी चालवणाऱ्या आपल्या देशात लो बीमची वरची कड म्हणूनच डावीकडे चढलेली असते. कडेचा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणारा दिपू नये.

दोन गोष्टींनी हे सारे बिघडते. एक म्हणजे बाजारातले चढे बल्ब. लखनौचे लालबाग असो की पुण्याची नाना पेठ, हॅलोजनच्या जागी बसणारा लखलखीत एलईडी पाच मिनिटांत लावून मिळतो. पण परावर्तक बनलेला असतो तो हॅलोजनच्या बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी. प्रकाशाचा उगम थोडा सरकला, तरी कापलेली कड विस्कटते आणि उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दुसरी गोष्ट फुकटची आहे. हेडलाइटची उंची बदलणारी ० ते ३ आकड्यांची चकती अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ असते, आणि अनेक मालकांनी तिला कधी हातही लावलेला नसतो. मागे माणसे आणि डिकीत सामान भरले की गाडीचे नाक वर होते, झोतही वर जातो. तेव्हा चकती २ किंवा ३ वर न्यायची. एकटे असताना परत शून्यावर.

राहिली उजव्या दांडीच्या टोकावरची, किंवा काही गाड्यांत डॅशबोर्डवरची, दिव्यांची कळ. पहिल्या खटक्याला पार्किंग लाइट आणि टेललाइट, दुसऱ्याला हेडलाइट. नियम सांगतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, आणि पुरेसे दिसत नसेल तेव्हा केव्हाही दिवे लागले पाहिजेत. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. सर्वसाधारण नियमभंगाला केंद्रीय कायद्यात पहिल्या वेळी पाचशे रुपये दंड आहे, पण धुक्यात पोलिसालाही तुम्ही दिसत नसता, त्यामुळे त्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. उद्या दिवसाउजेडी गाडी सुरू करा, दिव्यांची कळ आहे तशीच ठेवा, हँडब्रेक लावून उतरा आणि गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. लाल दिवे विझलेले दिसले तर तुमची गाडीही भुताच्या गाड्यांपैकी आहे. मग धुके, पाऊस, घाट किंवा तिन्हीसांज असली की ऑटोला न विचारता कळ दुसऱ्या खटक्यापर्यंत फिरवायची.